कोहळा उन्हाची वाट पाहतो
परसातली भाजी उदंड होते तेव्हा आजऱ्यात ऊन नसते. या पेचावर जुन्या स्वयंपाकघराने काढलेला तोडगा आजही उपयोगाचा

श्रावण सरत आला, की आजरा तालुक्यातील घराघरांच्या मागील दारी एक गोड पेच उभा राहतो. मृगाच्या सरींवर लावलेले वेल एव्हाना मांडवावर पसरलेले असतात. दोडका, पडवळ, कारली, काकडी, दुधी, घोसाळी असा सारा ऐवज एकाच वेळी हाताशी येतो. काल बोटाएवढी दिसलेली काकडी आज हातभर होते. पाच-सहा माणसांच्या घराला एवढी भाजी संपता संपत नाही. शेजारी द्यावी, तर त्यांच्याही मांडवावर तेच वेल. बाजारात न्यावी, तर तिथेही सर्वांनी तेच आणलेले, त्यामुळे भाव पडलेला. मग एखादी पिशवी एसटीने कोल्हापूर-पुण्याच्या लेकीकडे रवाना होते, आणि तिथल्या छोट्या स्वयंपाकघरात तोच पेच नव्याने उभा राहतो.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे भाजी चिरून वाळविणे. परंतु आजऱ्यात तो लगेच करता येत नाही. भाजी उदंड असते त्याच महिन्यांत ऊन नसते, आणि कडक ऊन पडते त्या चैत्र-वैशाखात परसातील वेल केव्हाच वाळून गेलेले असतात. भाजी आणि ऊन यांची गाठ घालून देणे, हाच येथील साठवणीचा खरा प्रश्न आहे.

भाजी मुबलक, ऊन दुर्मिळ

आजरा तालुका सह्याद्रीच्या कुशीत वसलेला आहे. पश्चिमेला घाटमाथ्यावर आंबोली आहे, महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. तिथे उगम पावणारी हिरण्यकेशी आजऱ्याजवळून वाहत पुढे गडहिंग्लजकडे जाते. या नदीच्याच वाटेने पूर्वेकडे निघाले, तर पाऊस झपाट्याने उणावत जातो. त्यामुळे गडहिंग्लजच्या पूर्व भागात भाद्रपदातही एखादे वाळवण उरकता येते. घाटाकडच्या गावांत मात्र त्या दिवसांत ओला टॉवेलसुद्धा वाळत नाही. भौगोलिक मानांकन लाभलेला आजरा घनसाळ हा सुवासिक तांदूळ ज्या ओलसर हवेत पोसला जातो, तीच हवा वाळवणाच्या मुळावर येते.

कारण वाळणे ही केवळ उष्णतेची किमया नव्हे. भाजीतील पाणी हवेत जायचे, तर ते सामावून घेण्याइतकी हवा कोरडी असावी लागते. पावसाळी हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. चिरलेली फोड तिच्यात तासन्‌तास ठेवली, तरी वाळत नाही. उलट तिला वास येऊ लागतो. शिवाय वाळलेली वस्तूही अशा हवेत उघडी राहिली, तर पुन्हा ओलावा ओढून घेते. पापडाचा डबा पावसाळ्यात घट्ट लावण्याची घरोघरची ताकीद याच अनुभवातून आलेली आहे.

भाजी नासते कशी?

भाजी तोडली तरी तिच्यातील जीवनक्रिया लगेच थांबत नाही. तिचा श्वसनव्यवहार चालू राहतो, पाणी उडून ती सुकते आणि तिच्यातील विकरे रंग, चव व पोत बदलू लागतात. याच संधीचा फायदा बुरशी, यीस्ट आणि जिवाणू घेतात. त्यांना लागते ते पाणी, ऊब आणि फारसे आंबट नसलेले अन्न. बहुतेक भाज्यांत या तिन्ही गोष्टी सापडतात.

साठवणीच्या सर्व पद्धती यांपैकी एखादी गोष्ट काढून घेतात. वाळवणात पाणी जाते. मीठ आणि साखर पाणी बांधून ठेवतात, त्यामुळे ते असूनही सूक्ष्मजीवांच्या उपयोगी पडत नाही. ताक, चिंच, लिंबू किंवा व्हिनेगर यांनी आंबटपणा वाढतो. शीतकपाटात ऊब काढून घेतली जाते. जुन्या गृहिणींनी ही कारणे शास्त्राच्या भाषेत मांडली नव्हती. परंतु कोणत्या भाजीला कोणता उपाय मानवतो, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठरविले होते.

पहिला मान ताटाचा

साठवणीआधी खाण्याचा क्रम लावणे महत्त्वाचे. पडवळ, दोडका, घोसाळी आणि कोवळी काकडी या भाज्यांत पाण्याचा अंश ९० टक्क्यांहून अधिक असतो. त्या टिकत नाहीत आणि वाळवूनही हाती फारसे काही लागत नाही. त्या आधी संपवाव्यात. गवार, घेवडा, कारली, मिरची, वांगी यांना थोडी सवड मिळते. तांबडा भोपळा आणि कोहळा यांना तर घाईच नसते.

एकच भाजी आठवडाभर खायची, तर तिचे रूप बदलावे लागते. दोडक्याची डाळ घालून भाजी झाली, की त्याच्या शिरा किसून, तीळ-खोबरे घालून खमंग परतलेली चटणी दुसऱ्या दिवशी ताटात येते. जून झालेल्या काकडीच्या बिया काढून कीस करावा आणि त्यात भाजणी किंवा ज्वारीचे पीठ मळून थालीपीठ लावावे. सुटलेले पाणी पिठातच जिरते. तांबड्या भोपळ्याचे भरीत होते आणि गुळाबरोबर शिजवून घारगेही होतात. भोपळ्याची कोवळी पाने भाजीला, बिया भाजून चटणीला. घोसाळ्याची भजी तर पावसाळी संध्याकाळचा हक्काचा पदार्थ.

दुधी आणि काकडीबाबत एक दक्षता मात्र घ्यायलाच हवी. देठाकडचा लहानसा तुकडा आधी चाखून पाहावा. तो कडू लागला, तर ते फळ टाकून द्यावे. या वर्गातील फळांत क्वचित कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्ये वाढतात. शिजविल्याने ती नाहीशी होत नाहीत. कडू दुधीचा रस प्यायल्याने २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाल्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या विषयाची तपासणी करविली होती आणि कडू रस न पिण्याचा सल्ला दिला होता. कारल्याचा कडूपणा स्वाभाविक असतो. दुधीचा कडूपणा हा इशारा असतो.

न कापता टिकणारे

आता मूळ पेचाकडे वळू. पाऊस आहे तोवर वाळविता येत नाही. मग ऊन येईपर्यंत भाजी टिकवायची कशी? या प्रश्नाचे उत्तर परसातच वाढत असते. ते म्हणजे कोहळा.

कोहळा पिकत येतो तशी त्याच्या सालीवर पांढरी, मेणचट भुकटी जमते. हे मेण आतील पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरील ओल व बुरशी आत शिरू देत नाही. पूर्ण पक्व झालेला, देठासह उतरविलेला आणि कोठेही खरचटलेला नसलेला कोहळा कोरड्या, हवेशीर जागी चार-सहा महिने सहज राहतो. पावसाळ्यात धरलेले हे फळ आश्विन-कार्तिकात तयार होते. कोल्हापुरात नवरात्रातील ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फोडण्याचा विधी होतो आणि त्या दिवसाला कोहळा पंचमी असेच म्हणतात, तोही आश्विनातच. त्यानंतर माळ्यावर चढलेला कोहळा थेट चैत्राच्या उन्हात खाली उतरतो. सांडगे म्हटले, की प्रथम कोहळाच का आठवतो, याचे उत्तर येथे मिळते. चवीला जवळजवळ सपक असलेले हे फळ निवडले गेले ते त्याच्या वाट पाहण्याच्या गुणामुळे.

तांबडा भोपळाही याच जातकुळीतला. त्याची साल नखाने टोचली जात नाही आणि देठ सुकून लाकडासारखा होतो, तेव्हा तो उतरवावा. दोन-तीन बोटे देठ ठेवूनच कापावा. देठ निखळला, की त्या खळग्यातून कूज सुरू होते. फळे एकमेकांवर रचू नयेत आणि जमिनीच्या ओलीवर टेकवू नयेत. पूर्वी ती आढ्याला शिंक्यात टांगली जात; खालच्या चुलीची ऊब आणि धूर हवा कोरडी ठेवीत असे. सदनिकेत राहणाऱ्यांनी तीच गोष्ट जाळीच्या टोपलीत, ओट्यापासून आणि मोरीपासून दूर ठेवून साधावी. कोकण-गोव्यात मोठ्या, पिकलेल्या काकड्या अशाच छताला टांगून ठेवतात आणि पुढे कित्येक आठवडे त्यांचे गोड-तिखट प्रकार करतात.

सांडग्यांचे गणित

दहा किलो भाजीत सुमारे नऊ किलो पाणी धरले, तर ती नीट वाळल्यावर हाती जेमतेम सव्वा किलोचा ऐवज येतो. एका पाटीचा मावा डब्यात बसतो, हा वाळवणाचा मोठा लाभ. मात्र हे नऊ किलो पाणी जितक्या लवकर जाईल तितके बरे. रेंगाळले, तर पदार्थ आंबतो.

कोहळ्याच्या सांडग्यांची सर्वसाधारण रीत अशी. कोहळा सोलून, बिया काढून किसावा. किसाला मीठ लावून थोडा वेळ ठेवावा आणि पिळून घ्यावा. सुटलेले पाणी टाकू नये. भिजविलेली उडदाची डाळ जाडसर वाटताना तेच वापरावे. मध्यम आकाराच्या कोहळ्याच्या किसाला अर्धा ते पाऊण किलो डाळ पुरते. हिरवी मिरची, हिंग, जिरे आणि थोडे तीळ घालून मिश्रण कालवावे आणि सकाळीच स्वच्छ कपड्यावर किंवा प्लास्टिकवर लहान लहान सांडगे घालावेत. मोठे गोळे वरून वाळतात, पण आत ओले राहतात. पहिल्या दिवसाचे ऊन निर्णायक ठरते. संध्याकाळपर्यंत वरचा पापुद्रा धरला, की दुसऱ्या दिवशी उलटून टाकावेत. चार-पाच कडक उन्हे मिळाल्यावर सांडगा मोडताना कडकन आवाज झाला पाहिजे; तो वाकला किंवा चिवट लागला, तर आत पाणी आहे असे समजावे.

पाणीदार कोहळा आणि उडदाची डाळ ही जोडी केवळ महाराष्ट्राची नाही. बंगालमध्ये कोहळा आणि उडदाच्या बड्या घालतात, पण त्या थंडीत, कारण तिथला कोरड्या उन्हाचा हंगाम तो आहे. तमिळनाडूत कोहळ्याचे वडगम उन्हाळ्यात होते. ज्या प्रदेशात कोरडे ऊन ज्या महिन्यात, त्या महिन्यात वाळवण, हा नियम सगळीकडे सारखाच आहे.

इतर भाज्यांना मात्र चैत्रापर्यंत थांबता येत नाही. त्यांच्यासाठी दसऱ्यानंतर पाऊस उघडतो ती पहिली संधी. कारल्याच्या पातळ चकत्या मीठ लावून वाळविल्या, की काचऱ्या होतात. गवारीच्या शेंगा मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढून, ताकात बुडवून वाळवितात. सांडगी मिरचीसाठी जाड, कमी तिखट मिरच्यांना चीर देऊन धने, मेथी, मोहरी, हिंग आणि मीठ यांचा मसाला भरतात. दिवसा उन्हात आणि रात्री पुन्हा दह्यात, असे दही संपेपर्यंत चालते. यात मीठ, दह्याचा आंबटपणा आणि ऊन असे तीन पहारेकरी एकदम कामाला लागतात. म्हणूनच ती वर्षभर टिकते.

वाळवणावर काळे, हिरवे किंवा पिवळे ठिपके दिसले, तर ते पुसून पुन्हा उन्हात घालण्याचा मोह आवरावा. काही बुरशी अफ्लाटॉक्सिनसारखी विषे निर्माण करतात. ती धुण्याने जात नाहीत आणि तळण्यानेही पूर्णपणे नष्ट होत नाहीत. हळहळ वाटली तरी तो घाणा टाकून द्यावा.

शीतकपाटाची मर्यादा

शहरातील वाचकांना सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे फ्रीजर. तो चांगलाही आहे. परंतु कच्ची भाजी चिरून पिशवीत कोंबली, तर महिन्या-दोन महिन्यांत तिला गवतासारखा वास येतो. थंडीमुळे विकरांचे काम मंदावते, पण थांबत नाही. त्यासाठी भाजीला आधी उकळत्या पाण्याची धग द्यावी लागते. घेवडा आणि गवार यांना सुमारे तीन मिनिटे, भेंडीला तीन-चार मिनिटे पुरतात. लगेच तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात टाकून, निथळून, कोरडी करून, एका वेळच्या वापराइतक्या लहान पिशव्यांत भरावी. उणे १८ अंश सेल्सिअसला अशी भाजी आठ-दहा महिने चांगली राहते. भोपळा शिजवून, घोटून ठेवावा. टोमॅटोचा रस आटवून ठेवावा. काकडी आणि पडवळ मात्र फ्रीजरमध्ये ठेवू नयेत. त्यांच्यातील पाण्याचा बर्फ पेशी फोडतो आणि बाहेर काढल्यावर हाती लगदा येतो.

घाटमाथ्याच्या गावांत मुसळधार पावसात वीज जाणे नवे नाही. वीज गेल्यावर फ्रीजरचे दार उघडू नये. भाजी पूर्ण वितळून कोमट झाली असेल, तर ती पुन्हा गोठवू नये. साठवणीचा सारा भार एकाच विजेच्या तारेवर टाकणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

बाटलीबंद धोका

सर्वाधिक सावधगिरी लागते ती बाटलीबंद भाजीबाबत. फ्रान्समध्ये निकोला अपेर याने बाटलीत अन्न घालून, बूच लावून उकळण्याची पद्धत शोधली आणि १८१० मध्ये ती पुस्तकरूपाने जगापुढे ठेवली. तेव्हापासून ‘उकळून घट्ट झाकण लावले, की झाले’ असा समज रूढ आहे. फळांच्या आणि आंबट पदार्थांच्या बाबतीत तो बराचसा खरा ठरतो; भाज्यांच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो.

मातीत ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत. घट्ट झाकणाच्या बाटलीत हवा नसते, भाजी आंबट नसते, आणि बाटली फडताळात उबेला असते. या तिन्ही गोष्टी त्याला हव्याच असतात. तिथे तो वाढतो आणि अतिशय तीव्र विष तयार करतो. त्याला वास किंवा चव असेलच असे नाही. पदार्थाचा सामू ४.६ किंवा त्याहून कमी, म्हणजे पुरेसा आंबट असेल, तर हा जिवाणू वाढत नाही. घेवडा, गवार, मका, भोपळा या सर्व भाज्या त्या रेषेच्या वर, म्हणजे धोक्याच्या बाजूला आहेत. टोमॅटो त्या रेषेच्या आसपास घोटाळतो. म्हणून त्याच्या रसात लिंबाचा रस घालावा.

कमी आंबट भाजी बाटलीत टिकवायची, तर दाबाखाली सुमारे १२१ अंश तापमान ठरावीक वेळ द्यावे लागते. घरातील कुकर त्या तापमानाच्या जवळ पोहोचतो हे खरे. परंतु बाटलीच्या मध्यभागी तेवढी उष्णता किती वेळात पोहोचते, हे त्या लहान कुकरांसाठी प्रमाणित केलेले नसते. घरगुती बाटल्यांसाठी म्हणून आंबट लोणचे हाच सुरक्षित मार्ग. बाजारातील व्हिनेगरमध्ये सुमारे चार टक्के ॲसेटिक आम्ल असते. त्यात पाणी घालून ते पातळ करू नये. नुसत्या तेलाचा थर म्हणजे संरक्षण नव्हे, कारण तेल हवा अडविते, पण आंबटपणा आणत नाही. तेलात बुडविलेला कच्चा लसूण किंवा हिरव्या मिरचीचा ठेचा बाहेर महिनोन्‌महिने ठेवू नये. तो शीतकपाटात ठेवून काही दिवसांतच संपवावा. कोल्हापुरी कांदा-लसूण चटणी वर्षभर टिकते, ती कांदा-खोबरे भाजून आणि वाळवून तिच्यातील पाणी घालविलेले असते म्हणून.

आपल्याकडील जुन्या पद्धतींत ओल्या, बेचव भाजीची बंद बाटली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तिथे वाळवण आहे, खार आहे, लोणचे आहे आणि न कापता टांगलेले फळ आहे.

आषाढाची शिदोरी

वाळवणात काही गमावलेही जाते. ‘क’ जीवनसत्त्वाचा मोठा भाग उष्णतेने आणि हवेने नष्ट होतो. पालेभाज्या थेट उन्हाऐवजी सावलीत, वाऱ्यावर वाळविल्या, तर रंग आणि ‘अ’ जीवनसत्त्व देणारे घटक तुलनेने अधिक राहतात. तंतू आणि खनिजे बहुतांशी टिकतात. मिठाचा हिशेब मात्र ठेवायला हवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविते. दोन-तीन सांडग्या मिरच्या आणि लोणच्याची फोड यांतच त्याचा बराच भाग संपतो. रक्तदाब असणाऱ्यांनी हे पदार्थ तोंडी लावण्यापुरतेच ठेवावेत.

तरीही या खटाटोपामागचे कारण चवीपेक्षा मोठे आहे. आषाढात आजऱ्याच्या शिवारात भाताची लावण चालते. घरातील सारी माणसे चिखलात उतरलेली असतात, नवे वेल अजून मांडवावर चढलेले नसतात, आणि ओढ्याला पाणी आले, की बाजारची वाटही अडते. त्या दिवसांत चुलीवर भात आणि आमटी होते आणि भाजीची जागा मूठभर सांडगे घेतात. भिजवून, कांद्यावर परतून त्यांची पातळ भाजी होते. घाईत तळून भाताबरोबर वाढले तरी भागते. गेल्या आश्विनातील कोहळा या आषाढातील ताटात येतो, तेव्हा त्याने जवळजवळ एक वर्ष ओलांडलेले असते.

हे वर्ष ओलांडून देणारे हात बहुतेक घरांत बाईचेच असतात. उडीद वाटणे, उन्हात बसून सांडगे घालणे, कावळ्या-चिमण्यांना राखणे आणि आभाळ भरून आले, की धावत जाऊन सारे आत आणणे, या श्रमाची नोंद कोठे होत नाही. बचत गटांच्या विक्रीकेंद्रांत सांडग्यांच्या पाकिटावर किंमत लिहिली जाते, तेव्हा त्या श्रमाला प्रथमच आकडा मिळतो. विक्री करायची, तर अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी आणि कोरडे, हवाबंद पॅकिंग या गोष्टी आवश्यकच ठरतात.

परसबाग लावणाऱ्याने म्हणूनच बी पेरतानाच साठवणीचा विचार करावा. सहाच्या सहा आळ्यांत काकडी-दोडका न लावता त्यांतील दोन कोहळा आणि भोपळ्यासाठी राखावीत. चार वेलांवरचे ताजे खावे आणि दोन वेलांवरचे माळ्यावर चढवावे. गच्चीत कुंड्या लावणाऱ्या शहरी कुटुंबालाही हाच हिशेब लागू पडतो. आवळा देऊन कोहळा काढण्याची म्हण आपल्याकडे लबाडीसाठी वापरतात; आजऱ्याच्या परसात मात्र पावसाळ्यात दोन आळी सोडण्याच्या मोबदल्यात मिळालेला कोहळा हा सरळ कष्टाचा असतो, आणि पुढच्या आषाढात तो घराला उपाशी ठेवत नाही.